मोटेच्या कातड्याचा पट्टा

आमच्या मळ्यातल्या घराच्या पडवीत, दाराच्या उजव्या अंगाला एक सागवानी खुंटी आहे. तिच्यावर आधी आजोबांचं मुंडासं असे, मग वडिलांची टोपी आली, मग बरीच वर्षं टॉर्च. या सगळ्यांच्या खाली, सगळ्यांच्या आधीपासून, एक पट्टा लटकत असे. चार बोटं रुंद, काळपट, वाळून लाकडासारखा झालेला. बाहेरच्या बाजूनं दोन ओळींत खिळ्यांची टोकं निघालेली. आतून खिळ्यांची डोकी टोचू नयेत म्हणून गोणपाटाचं अस्तर शिवलेलं. बक्कल नव्हतं. दोन्ही टोकांना भोकं, आणि त्यांतून वादी ओवून गाठ मारायची. लहानपणी आम्ही पोरं तो गळ्यात अडकवून वाघ-वाघ खेळायचो आणि आजीच्या हातचा मार खायचो. "कुत्र्याचा पट्टा माणसानं गळ्यात घालू नये," एवढंच ती म्हणायची. का घालू नये, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पट्ट्याचं कातडं आमच्या विहिरीवरच्या शेवटच्या मोटेचं. साठीच्या दशकात विहिरीवर ऑइल इंजिन बसलं, बैलांची धाव मोकळी पडली आणि मोट अडगळीत गेली. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की मरताना मोटेनं आम्हाला दोन वहाणांचे जोड आणि एक पट्टा दिला. वहाणा पोटाच्या कातड्याच्या, पट्टा सोंडेचा. सोंडेचं कातडं जन्मभर पाणी प्यालेलं, म्हणून ते चिवट, असं त्यांचं म्हणणं. खिळे बैलांच्या नालांना मारतात तसले.

आळेफाट्याच्या पलीकडं आणे पठाराकडं जायला लागलं की आमची वस्ती लागते. जुन्नर म्हटलं की लोकांना शिवनेरी, नाणेघाट आणि हिरवेगार सह्याद्रीचे कडे दिसतात. तो पश्चिमेचा जुन्नर. आमच्याकडं माळ, खुरटं गवत आणि आभाळाकडं बघत केलेली बाजरी. आबांच्या तरुणपणी तर सगळंच तसं. त्यामुळं त्यांच्या गोष्टींत वाघ फार कमी आणि लांडगे फार. वाघरू, म्हणजे बिबट्या, हे पश्चिमेच्या घाटातलं जनावर. माळशेजकडून कुणी सोयरा आला की त्याच्या तोंडून ऐकायचं. आमच्या माळाचा धनी लांडगा.

आबांना इसवी सन माहीत नव्हतं. त्यांचं पंचांग वेगळं होतं. 'प्लेगात गाव उठलं तेव्हा', 'पानशेत फुटलं त्याच्या आदल्या साली', 'बहात्तरच्या दुष्काळात आपण खडी फोडायला होतो तवा'. आमच्या घरी पहिली राखणीची कुत्री आली ती त्यांच्या हिशेबानं 'गांधीबाबा गेले त्याच्या आदल्या दिवाळीत'. म्हणजे १९४७ ची दिवाळी. देशात काय-काय चाललं होतं! आबांना त्या दिवाळीतलं आठवत होतं ते धनगराचं एक पिल्लू.

दिवाळी सरली की पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात. अजूनही जातात, फक्त आता डांबरी रस्त्यानं आणि ट्रकांचे हॉर्न खात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगत. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं आणि धनगराला पायल्यांवर धान्य. मेंढरांभोवती ते जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. मला कित्येक वर्षं वाटायचं, वाघ येऊ नये म्हणून वाघर. पुढं कळलं की संस्कृतात जाळ्याला वागुरा म्हणतात, आपला शब्द तिकडचा, वाघाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी आबांना हे मी सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं वाघरीच्या बाहेर नेहमी कुणीतरी उभंच असायचं.

त्या दिवाळीनंतर आमच्या रानात तीन रात्री मेंढरं बसली. दुसऱ्या रात्री चांदणं होतं. आबा शेकोटीपाशी धनगराच्या सोबतीला बसले होते. मध्यरात्रीनंतर बांधावर एक लांडगा येऊन उभा राहिला. लपला नाही, दबकला नाही, नुसता उभा. धनगराची दोन कुत्री त्याच्यावर सुटली आणि पार ओढ्यापर्यंत पळत गेली. तिसरी कुत्री, काळी, जागची हलली नाही. तिनं बांधाकडं पाठ फिरवली आणि उलट्या दिशेला, बाभळींच्या अंधाराकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं तिथूनच दुसरा लांडगा आला. पुढची झटापट आबा हातवारे करून सांगायचे, आणि दरवर्षी ती थोडी लांबायची. मेंढरू वाचलं एवढं नक्की. सकाळी धनगर काळीच्या कानाला लागलेल्या जखमेत हळद भरता-भरता म्हणाला, "पाटील, दिसतो त्या लांडग्यामागं पळतं ते कुत्रं कामाचं न्हाई. न दिसणाऱ्याची वाट बघत बसतं, ते ठिवावं." जाताना त्यानं काळीचंच एक पिल्लू आबांच्या घोंगडीत टाकलं. त्याबद्दल आबांनी दोन पायल्या बाजरी जास्त घातली, असं ते म्हणायचे. आजीच्या मते चार पायल्या. हा वाद दोघंही जाईपर्यंत मिटला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी कुत्र्यांची नावं ठरलेली. काळी, मोत्या, वाघ्या, खंड्या, परत काळी. माणसांत आजोबाचं नाव नातवाला देतात तसं.

भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते गावात कुणाला सांगावं लागत नाही. शिवी देतानासुद्धा त्याच महिन्याचं नाव घेतात. त्या हिशेबानं पिल्लं होतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर. कडब्याच्या गंजीखाली कुत्री उकरून-उकरून एक गोल भोक करते आणि तिथं विते. आम्ही शाळेतून आलो की आधी त्या भोकात हात. आतून ऊब यायची, आणि दुधाचा व कडब्याचा मिळून एक आंबूस वास. सहा-सात पिल्लांतली दोन-तीन थंडीनं जायची. उरलेल्यांतलं एक घरचं, बाकीची वाटायची.

घरचं म्हणायचं, पण घरात नाही. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही हा आमच्याकडचा कायदा. थंडीत आम्ही दोन-दोन गोधड्यांत मुरगाळून पडलेलो असताना ते बाहेर कुठं झोपतं, हे मी एकदा दहा-बारा वर्षांचा असताना रात्रभर जागून पाहायचं ठरवलं होतं. जागलो बाराएक वाजेपर्यंत. तेवढ्यात त्यानं तीन जागा बदलल्या. दिवेलागणीला पडवीत. निजानीज झाली की न्हाणीबाहेरच्या चुलीत, म्हणजे शब्दशः चुलीत, कोमट राखेवर. राख निवली की उकिरड्यावर. उकिरडा आतून तापलेला असतो. पहाटे त्याच्यातून वाफ निघते, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं थंडीतलं खेडं पाहिलेलं नाही. तिथं ते नाक शेपटीखाली घालून एवढंसं होऊन पडायचं, की वाटावं कुणी जुनं पोतं टाकलंय. पण कान उभा. सकाळी ते राखेनं पांढरं होऊन, शिंकत दाराशी यायचं. आबा त्याला म्हणायचे, "या गोसावीबुवा."

त्याला मिळायची ती शेवटची भाकरी. परातीत उरलेलं, हाताला लागलेलं सगळं पीठ गोळा करून आजी एक जाड, वेडीवाकडी भाकरी थापायची. ती भाजायची मात्र नीट. कच्ची भाकरी कुत्र्याला घातली तर कुत्रं आळशी होतं, असा तिचा समज. वर आमटीचं पाणी. वर्षातून एक दिवस मात्र त्याला नैवेद्याचं ताट. चंपाषष्ठीला, मार्गशीर्षातल्या षष्ठीला, खंडोबाची तळी भरली की बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत आधी कुत्र्याला. खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच, आणि जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात. पूर्वी ते कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, वाढलेलं अन्न कुत्र्यासारखं भुंकत, तोंडानं खात. देवाच्या दारी माणूस कुत्रा होतो, असं त्यातलं काही आजीला म्हणायचं असे. चंपाषष्ठीला ती कुत्र्याला हाक मारायची तीही 'या' म्हणून. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस 'हाड'.

भुंकणं ऐकायला आबांनी शिकवलं. कुत्रं भुंकायला लागलं की आधी कान द्यायचा, मग कंदील. माणूस आला तर ते छातीतून, सलग भुंकतं आणि पुढं सरकत जातं. ओळखीचा निघाला तर भुंकणं मध्येच तुटतं, पुढचा आवाज जणू ते गिळून टाकतं. सापाला एका जागी उभं राहून भुंकतं, दोन पावलं पुढं, दोन मागं, आणि आवाज बारीक होतो. कोल्हा किंवा रानमांजर असेल तर भुंकणंच पळतं. आत्ता विहिरीकडं ऐकू येतं, घटकेत ओढ्याकडं. तरसाला गुरगुर, आणि पाठीवरचे केस उभे. लांडग्याला दोन-तीन वेळाच भुंकून ते गप्प होतं आणि जनावरांपाशी येऊन उभं राहतं. वाघराचं आबांनी ऐकीव सांगितलं होतं, घाटातल्या सोयऱ्याकडून: "वाघराला कुत्रं भुंकतच न्हाई. कुंई करतं, शेपूट पोटात घेतं आन् पाठीनं दार ढकलतं." आम्हाला ते गमतीचं वाटायचं. पाठीनं दार ढकलणारा कुत्रा! आम्ही ते करून दाखवायचो.

मग कालवे आले. बहात्तरच्या दुष्काळानंतर कुकडी, मीना, घोड, आर या नद्यांवर एकेक करून धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही नावं आमच्या घरात देवांच्या नावांसारखी घेतली जात. ज्या रानात बाजरी चिमटीनं मोजायची तिथं ऊस उभा राहिला. घर स्लॅबचं झालं, वडील चुलत्यांबरोबर कारखान्याच्या सभेला जायला लागले. मला पुण्याला शिकायला ठेवलं ते त्याच उसावर. म्हणून उसाला मी शिव्या देणार नाही. पण ऊस म्हणजे दहा फूट उंचीचं, वर्ष-दीड वर्ष न हलणारं, पाण्यानं भरलेलं गवत. त्यात रानडुकरं, कोल्हे, घुशी. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला आणखी काय हवं? शिवाय माणसाच्या हातून ती सहजी मरायचीही बंद झाली होती. इंग्रजी अमलात वाघ, बिबट्या, लांडगा मारला की सरकार बक्षीस देई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं पालटलं. बहात्तर साल आमच्याकडं दुष्काळासाठी आठवतात. या कायद्याचं सालही तेच, हे कुणाच्या लक्षात नसतं. उसात जन्मलेलं पिल्लू मोठं होतं तेव्हा त्याला डोंगर ठाऊकच नसतो. त्याचं रान म्हणजे सरी. ऊसतोड दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि पुढं चार-पाच महिने चालते. थंडीत फड एकामागून एक मोकळे होतात, आणि आत होतं ते बाहेर येतं, वस्त्यांच्या अंगणापर्यंत.

लांडगा मात्र दिसेनासा झाला. माळ नांगरला गेला, धनगरांच्या वाटा आखडल्या. आबा शेवटी-शेवटी म्हणायचे, "लांडगा ग्येला त्याचं वाईट वाटतंय बघा." आम्ही हसायचो. त्यांना खरंच वाटत होतं, हे आता कळतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या चाली शिकलो तो गेला, आणि ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं तो दारात आला.

२००१ चा डिसेंबर. चंपाषष्ठी होऊन दोन दिवस झाले होते. मी पुण्याहून शनिवार-रविवार धरून आलो होतो. त्या वेळी घरी खंड्या होता. तांबडा, एक कान कातरलेला, जरा मूर्ख. आमच्या भागात तेव्हा बिबट्याची फार दहशत होती, म्हणून तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, खुंटीवरचा जुना पट्टा काढून त्याच्या गळ्यात बांधला होता. बिबट्या गळा धरतो, त्याला खिळे टोचले तर सोडतो, हा हिशेब. एकदा सोडलंही होतं. दिवाळीत खंड्याच्या मानेवर ओरखडे आणि दोन खिळे वाकलेले सापडले होते.

मी संध्याकाळी त्याला चुचकारायला गेलो तर पट्ट्याखालून वास आला. सोडून पाहिलं. गोणपाटाचं अस्तर कुजलं होतं, खिळ्यांची डोकी घासून गळ्याखाली बोटभर जखम झाली होती आणि ती पिकली होती. मी ती धुतली, हळद-तेल लावलं आणि पट्टा खुंटीवर टांगला. तात्या म्हणाले, "रात्रीचा घाल परत." मी म्हणालो, "एक रात्र राहू द्या की मोकळा." ते काही बोलले नाहीत. शिकलेल्या पुतण्यापुढं ते सहसा बोलत नसत.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. गव्हाला पाणी द्यायचं म्हणून वडील आणि तात्या अकरा वाजता कानटोप्या घालून खालच्या रानात गेले. मी गोधडीत. चंद्र मध्यरात्रीच मावळला होता. दोन-तीनच्या सुमाराला बाहेरून दार ढकलल्यासारखं झालं. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा, जरा जोरात. वारा असेल म्हणून मी कुशीवर वळलो.

सकाळी दाराच्या खालच्या फळीला तांबडे केस चिकटलेले होते. अंगणातल्या धुळीत फरपट, ती न्हाणीच्या चुलीवरून, गोठ्याच्या भिंतीला लागून, उसाच्या तिसऱ्या सरीपर्यंत. तिथून पुढं आम्ही गेलो नाही. चुलीतल्या राखेत त्याच्या अंगाचा गोल खळगा तसाच होता. मला कुणी एक शब्द बोललं नाही. आजीनं संध्याकाळी सवयीनं शेवटची भाकरी थापली आणि पायरीवर ठेवली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिनं परात तशीच धुवून टाकली.

खंड्यामागून आमच्या वस्तीवर पिंजरा लागला. पिंजऱ्याला मागं एक कप्पा असतो, जाळीनं वेगळा केलेला. त्यात जिवंत आमिष ठेवायचं. बिबट्या त्याच्यासाठी आत शिरतो आणि मागून दार पडतं. आमिष म्हणून शेळी, कोंबडी किंवा कुत्रं. पिंजरा घेऊन आलेल्यांपैकी कुणीतरी गंजीकडं बघून म्हणालं, "पिल्लं आहेत की." ती खंड्याचीच. आजी उठून गंजीपुढं जाऊन बसली. मग एका कोंबडीवर भागलं. अकरा दिवसांत त्या पिंजऱ्यात शेजाऱ्याचं मांजर तेवढं सापडलं.

इतरांचे पिंजरे रिकामे राहिले नाहीत. त्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच लांबच्या जंगलांत सोडले गेले. माणसांवरचे हल्ले त्यामुळं कमी व्हायला हवे होते. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार होते, ते २००१ ते २००३ मध्ये सतरावर गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर काय करणार? माणकोजी पाटलालासुद्धा नव्या गावात पहिली चार वर्षं कुणी ओळखत नाही, हे तात्यांचं भाष्य. माणकोजी पाटील कोण, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

याच अत्रेयबाईंचं दुसरं काम मी २०१४ मध्ये वाचलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या उत्तरेला, हरिश्चंद्राच्या डोंगराच्या पलीकडं अकोले तालुका. तिथं उसाच्या पट्ट्यात त्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात ते तपासलं. खाल्लेल्या जनावरांच्या एकूण वजनात ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली. त्यांत कुत्री एकटी ३९ टक्के, मांजरं १२, शेळ्या ११. मी थांबलो ते पुढच्या ओळीवर: त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. सातपट असून शेळी वाचते, कारण तिला रात्री गोठ्यात कोंडतात. कुत्रं बाहेर असतं.

कुत्रा घर राखतो असं आपण म्हणतो, पुस्तकातल्या धड्यातही तसंच असतं. राखतो, खरं आहे. पण आबांच्या काळापासून आम्ही काय करत होतो ते त्या एका ओळीनं मला उघडं करून दाखवलं. घरातलं जे जनावर गेलं तर हिशेबात काही कमी होत नाही, ते आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवत होतो. लांडग्याच्या काळी त्याला लढायला तरी वाव होता. लांडगा मेंढरासाठी यायचा, कुत्रं मध्ये उभं राहायचं. बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. राखणदाराचं आमिष झालं आणि नाव मात्र राखणदारच राहिलं. भाकरीही तीच, शेवटची.

सगळ्यांनीच कुत्र्याला असं हिशेबाबाहेर ठेवलं नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथली एक वीरगळ आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. ती शके ८७२ ची, म्हणजे साधारण इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण यानं तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं, त्याच वेळची. आपल्याकडंही राज्य त्यांचंच होतं. कृष्णाच्या बाजूनं लढलेला गंग राजा बुतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर खूश होऊन म्हणाला, हवं ते माग. मणलेरानं राजाची शिकारी कुत्री मागितली. तिचं नाव काळी. पुढं एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघंही मेले. मणलेरानं देवळापुढं तिची शिळा उभारली, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला त्या कुत्रीचं पाप लागेल असंही कोरून ठेवलं. शिळेवर कुत्री आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले आहेत. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याबद्दल वाद आहेत, मी त्यात पडत नाही. आतकूरच्या काळीचा मात्र दगडावर कोरलेला दाखला आहे. आमच्याकडची कुत्री बांधाच्या कडेला खड्ड्यात, वर मूठभर मीठ. खंड्याला तेवढंही जमलं नाही.

आबा गेले, आजी गेली. २०१२ मध्ये पडवीला रंग देताना मी तो पट्टा पुण्याला आणला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय? मी मोटेपासून सुरुवात करायचो. लोकांना आवडायचं.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला वीसेक दिवसांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन मुलं. लोक रस्त्यावर उतरले, वनविभागाच्या नेमबाजांनी एक बिबट्या ठार केला. त्यानंतर वर्तमानपत्रांत एक छायाचित्र आलं. शेतात खुरपणाऱ्या बाया, आणि त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे. कुत्र्यांना घालतात तसले.

त्याच आठवड्यात काकीचा फोन आला. तात्यांना आता रात्री दिसत नाही, मोटर चालू करायला तीच जाते. तिनं इकडचं-तिकडचं न बोलता विचारलं, "खुंटीवरचा तो पट्टा तुझ्याकडं हाय ना?"

"आहे. काळीला हवा का?" नव्या कुत्रीचं नावही काळी.

"काळीला कशाला? मला."

रविवारी मी तो घेऊन गेलो. वाटेत आजीचं वाक्य आठवत होतं, पण ते काकीला सांगायचा मला धीर झाला नाही. तिनं पट्टा हातात घेतला, वाकवून पाहिला. साठ वर्षांचं कातडं मधोमध कडकन मोडलं. "जाऊ दे," ती म्हणाली, आणि दोन्ही तुकडे खुंटीवर ठेवून दिले. चारच दिवसांनी तिनं आळेफाट्याहून नवा आणला, रेक्झिनचा, आतून फोम लावलेला. तो बरा बसतो म्हणे, फक्त मान वळवता येत नाही.

कार्तिकात काळीला पिल्लं झाली. गंजी आता नाही, म्हणून ती पाण्याच्या टाकीखाली व्यायली. पाच झाली, थंडीनं एक गेलं. त्या रात्री मी तिथंच राहिलो होतो. साडेसातला काकीनं दारात उभं राहून हाक मारली, तेव्हा काळी तोंडात पिल्लू धरून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. काकीनं तिला मानेला धरून आत ओढलं. मग चारी पिल्लं एकेक करून स्वयंपाकघरात, ओट्याखाली गोणपाटावर ठेवली. दाराला आतून कडी लावली, आणि मागच्या दारानं ती शेळ्या कोंडायला गेली.